धन आणि ऋण यांची बेरीज

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कानोता हे गाव लागते. कानोत्याला शून्य मानावे. पूर्वेकडे, बस्सीच्या बाजूस मोजलेले अंतर धन आणि पश्चिमेकडे, जयपूरच्या बाजूस मोजलेले ऋण. समजा, एखादा वाटसरू कानोत्याहून ३ किलोमीटर पूर्वेस गेला आणि तेथून ५ किलोमीटर पश्चिमेस परतला. आता तो कानोत्याच्या पश्चिमेस २ किलोमीटरांवर उभा आहे: (+३) + (−५) = −२. पायपीट ८ किलोमीटरांची झाली खरी, परंतु बेरजेला मुक्कामाचे ठिकाण तेवढे हवे असते. दुसरी चाल पुन्हा शून्यापासून मोजावयाची नाही. पहिली जेथे संपली तेथूनच मोजावयाची. नवशिके चुकतात ते बहुधा येथेच.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये या बेरजेचे नियम दिले, ते धन म्हणजे मालमत्ता व ऋण म्हणजे कर्ज या भाषेत. पण शून्याहून कमी असलेली राशी खरोखर असते काय? विदर्भातून काशीस आलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने सुमारे १६०० साली भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वरील टीकेत याचे उत्तर दिले: ऋणत्व म्हणजे वैपरीत्य; पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. इंग्लंडमध्ये जॉन वॉलिसने पुढेमागे चालणाऱ्या माणसाचे असेच उदाहरण दिले, ते १६८५ साली.