गाडीवर नाव कोणते, चित्र कोणते?

सातारा-सांगलीकडच्या आपल्या समाजातील अनेक तरुणांनी नोकरीची वाट न पाहता हाती हुन्नर धरला आहे. कोणी प्लंबर आहे, कोणी वायरमन, कोणी फरशी बसवतो, कोणी फॅब्रिकेशनची कामे घेतो. सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधून फिरणारा बाप आणि कर्ज काढून छोटा हत्ती घेणारा मुलगा असे चित्र आता घरोघरी दिसते. गाडीचे पासिंग होते, एमएच-१० किंवा एमएच-११ ची पाटी लागते आणि गाडी पेंटरच्या दारात उभी राहते. पेंटर सवयीने विचारतो, "दादा, वर कोण प्रसन्न टाकू?"

इथेच घरात वाद सुरू होतो. वडील म्हणतात, बाबासाहेबांचा फोटो पाहिजे. आई म्हणते, बुद्धाची मूर्ती काढा. मुलगा खालच्या आवाजात म्हणतो, गिऱ्हाईक दुरावले तर हप्ता कोण भरणार? प्रश्न रंगाच्या डब्याचा दिसत असला तरी त्यात आपला स्वाभिमान आहे, आपला धम्म आहे आणि आपली भाकरीही आहे. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मसूरची बैलगाडी

गाडी आणि आपला समाज यांचे नाते साताऱ्याच्या मातीला ठाऊक आहे. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत बसवून न्यायला तयार होईना. शेवटी एकाने दुप्पट भाड्यावर गाडी दिली, तीही मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर. गाडीवान बाजूने पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला पुन्हा तेच झाले. टांगेवाल्याने बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला नकार दिला, नवख्या माणसाने लगाम धरला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आहेत.

ज्यांना दुप्पट पैसे मोजूनही गाडीत नीट बसू दिले नाही, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्याच रस्त्याने स्वतःची गाडी चालवतात. तेव्हा गाडीवरचे नाव म्हणजे नुसती जाहिरात नव्हे.

बुद्ध 'प्रसन्न' होत नाहीत

पहिली गोष्ट 'प्रसन्न'ची. देवाच्या जागी बुद्धाचे नाव घालून 'तथागत प्रसन्न', 'बुद्धकृपा' असे लिहिलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. भावना चांगली असली तरी विचार चुकीचा आहे. भगवान बुद्धांनी स्वतःला मार्ग दाखवणारा म्हटले, वर देणारा नव्हे. नवसाने प्रसन्न होणारा देव आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला मागे ठेवला. मग तोच देव वेगळ्या नावाने टपावर कशाला चढवायचा? लिंबू-मिरची आणि काळी बाहुली यांचेही तसेच. ब्रेक, टायर आणि विमा हीच गाडीची खरी राखण. नवी गाडी दारात आली की कुटुंबाने त्रिसरण-पंचशील घ्यावे, गाडी चालवणाऱ्याने पाचवे शील मनावर घ्यावे. दारू न पिता चालवलेल्या गाडीला बाहुली लागत नाही.

लिहायचेच तर 'नमो बुद्धाय', 'जयभीम', 'अत्त दीप भव' किंवा 'भवतु सब्ब मंगलं' लिहा. सेवेचा धंदा करणाऱ्याला 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' ही ओळही शोभते. मात्र पालीचे शब्द पेंटरवर सोडू नका. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या. 'सब्ब'चे 'सब' आणि 'मंगलं'चे 'मंगल' व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा रंगवलेली चूक वर्षानुवर्षे गावभर फिरते.

चक्र कोणते काढावे?

सर्वांत जास्त घोटाळा चक्राचा होतो. तिरंग्यातील अशोकचक्राला २४ आरे आहेत. अष्टांगिक मार्ग सांगणारे धम्मचक्र ८ आऱ्यांचे असते. पेंटर मात्र जागा असेल तसे १०, १२, कधी १५ आरेही काढून मोकळा होतो.

इथे कायद्याचीही एक बाब आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्यानुसार राष्ट्रध्वज, ध्वजातील अशोकचक्र, तसेच छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. तेव्हा दुकानाच्या किंवा कामाच्या नावाला जोडून चिन्ह म्हणून तिरंग्यातील चक्र काढू नये. त्यापेक्षा आपल्या जवळचे, साधे चित्र निवडावे. पिंपळाचे पान आहे, कमळ आहे, स्तूप आहे. पिंपळपान काढताना त्याचे लांब, निमुळते टोक विसरू नका, नाहीतर ते विड्याचे पान दिसते. पंचशील ध्वजाची पट्टीही छान दिसते. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी हा तिचा क्रम. तो बदलू नये.

चांगल्या नमुन्यासाठी लांब जायला नको. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावे, तेथील स्तूपाचा आकार वहीत उतरवून आणावा. चार रेषांत बसणारा तो आकार गाडीच्या दारावर सुबक दिसतो आणि लांबूनही कळतो. शिवाय त्यात आपला इतिहास आहे. मोबाईलवर सापडलेले चित्र बहुधा लहान असते. मोठे केले की त्याच्या कडा फाटतात. आणि ते कोणा चित्रकाराच्या कष्टाचे असते, त्याला न विचारता घेणे दुसऱ्या शीलात बसत नाही.

फोटोची जागा

बाबासाहेबांचा, माता रमाईंचा किंवा बुद्धांचा फोटो लावण्यात गैर काही नाही. पण जागा पाहून लावावा. मागच्या फाळक्यावर लावला की फाळका खाली पडतो तेव्हा फोटो उलटा लटकतो, वर माल चढवताना पाय लागतो. चाकाजवळ लावला की पावसाळ्यात चिखल उडतो. मागच्या काचेवर भला मोठा लावला तर मागचे दिसत नाही. केबिनमध्ये आत, किंवा पुढच्या काचेच्या वर टपाला लागून, हीच योग्य जागा. रंग उडाला, कोपरा फाटला तर त्याच दिवशी काढावा. फाटका फोटो मिरवण्यापेक्षा न लावलेला बरा.

आणखी एक. बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली 'नळ फिटिंगची सर्व कामे' असे एकाच चौकटीत नसावे. बाबासाहेब आपल्या मालाचे जाहिरातदार नव्हेत. त्यांचा फोटो वेगळा, धंद्याचा मजकूर वेगळा.

गिऱ्हाईक दुरावेल का?

मुलाची शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. फोटो पाहून काम नाकारणारी माणसे आजही आहेत. मे २०१५ मध्ये शिर्डीला मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा जीव गेल्याची बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. तेव्हा रोज परक्या वस्तीत एकट्याने कामाला जाणाऱ्या मुलाची आई घाबरत असेल तर तिला भित्री म्हणू नये.

आमचे मत असे. गाडीच्या दोन्ही बाजू धंद्याला द्याव्यात आणि ओळखीची खूण एकच, नेटकी ठेवावी. ती फोटोची असो, पिंपळपानाची असो की नुसत्या 'जयभीम'ची असो, ते कुटुंबाने बसून ठरवावे. आडनाव लिहायचे की आद्याक्षरे, हेही घरानेच ठरवावे. कोणी लहान खूण लावली म्हणून तो बाबासाहेबांचा कमी लेक ठरत नाही. मात्र लाजेने लपवू नये. तुम्ही वेळेवर गेलात, गळती थांबवलीत, वाजवी पैसे घेतलेत, की ज्या खुणेकडे गिऱ्हाईक आधी संशयाने पाहते त्याच खुणेवरून पुढच्या वेळी तुम्हाला शोधते.

आणि कोणी मुद्दाम फोटो फाडला, विद्रूप केला, तर गप्प बसू नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आपल्याला आदरणीय असलेल्या वस्तूची, त्यात फोटोही आला, मोडतोड वा विटंबना करणे हा तिच्यात गुन्हा आहे. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्हा आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून केंद्राच्या यादीतही स्थान आहे, म्हणून हे संरक्षण आपल्यालाही आहे. गाडीचा फोटो काढा, साक्षीदार धरा आणि पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. हातघाईवर येऊ नका.

अक्षर असे असावे

आता धंद्याचा मजकूर. बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना नावे दिली ती 'मूकनायक', 'जनता' अशी. एका शब्दात सारे सांगणारी. गाडीवरही एक नाव, एक काम, एक फोन नंबर एवढेच पुरे. 'सम्यक प्लंबिंग' म्हटले की झाले. सम्यक आजीविका, म्हणजे सचोटीची कमाई, हा अष्टांगिक मार्गातलाच एक भाग आहे. बारा कामांची यादी चालत्या गाडीवर कोणी वाचत नाही.

अक्षराच्या उंचीचा एक ढोबळ हिशेब आहे: दर १० फुटांना १ इंच. रस्त्यापलीकडून, म्हणजे ५० फुटांवरून, वाचता यावे तर अक्षर ५ इंच पाहिजे. आपल्या लिपीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींत जागा सोडा. गडद निळ्यावर पांढरे किंवा पिवळे अक्षर उठून दिसते. काळ्यावर निळे बुडून जाते. लाल रंग उन्हात लवकर फिका पडतो. फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा, लक्षात राहतो.

रंगवण्यापूर्वी घरातल्या मुलांनी खाकी कागदावर पूर्ण आकारात मजकूर काढावा, गाडीला चिकटवावा आणि सर्वांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहावे. आजीला वाचता आले तर गिऱ्हाइकाला येईल. शुद्धलेखन शाळकरी मुलीने तपासावे. आणि चौथे शील विसरू नका. लायसन्स नसताना 'सरकारमान्य', रात्री फोन बंद ठेवून '२४ तास सेवा' असे लिहू नये.

नंबर प्लेट मात्र मोकळी ठेवा. तिच्यावर नाव, फोटो, 'जयभीम' काहीही लिहू नये. नियमात बसत नाही आणि दंड भरावा लागतो. मागचे दिवे व रिफ्लेक्टर स्टिकरने झाकू नयेत. गाडीचा मूळ रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण रंगाची नोंद आरसीवर असते.

मसूरला भाडे दुप्पट देऊनही गाडीवान बाजूने चालत गेला, त्याला शंभरावर वर्षे झाली. आज आपली गाडी दुसऱ्याच्या दारी जाते ती नळ जोडायला, दिवा लावायला. तिच्यावरचे नाव शुद्ध असावे, चित्र स्वच्छ असावे आणि गाडीतून उतरणाऱ्याचे काम चोख असावे. तोच आपल्या धंद्याचा खरा बोर्ड होय.