नखीएवढी गोष्ट

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बचत गटाची बैठक आटोपून दुपारी घरी आले, तर ओसरीवर लेकीची गिटार भिंतीला पाठ लावून उभी आणि लेक कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेली. सहा तारांपैकी सगळ्यात बारीक तार तुटून लोंबत होती. महिन्याभरातली ही दुसरी.

"आई, विकून टाक ही गिटार. माझा हातच जड आहे. मला नाही जमणार."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "माय वं, डोकं दुखी ऱ्हायनं मनं!" दुपारची झोपमोड झाली होती त्यांची. संध्याकाळी यांनीही सुनावलं, "तरी मी म्हणत होतो, नरडाण्यात गिटार शिकवणार कोण? मोबाईलवर बघून कुठं वाद्य येतं का?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. "मला नाही जमणार" हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना धुळ्यात मी सतार शिकायला जायचे. क्लासची सतार मिरजेची होती. मिरजेत सतारी बनायला लागल्या त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि पुढे ते घराणं सतारमेकर म्हणूनच ओळखलं गेलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात ती बातमी वाचून मला उगीचच माहेरची बातमी वाचल्यासारखं वाटलं.

सतार वाजवताना उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची वळवलेली नखी घालतात. तिलाच मिजराब म्हणतात. ती घट्ट असेल तर बोटाचं टोक बधिर होतं, सैल असेल तर वाजवता वाजवता फिरते. माझ्या वाट्याला आलेली नखी घट्ट होती. तासाभरात बोटावर निळा वळ उठायचा. विचारायची लाज वाटायची. वाटायचं, सगळ्यांनाच दुखत असेल. सहा महिन्यांत क्लास सोडला. घरी सांगितलं, "मला नाही जमत." पुढे लग्न झालं, संसार झाला. कितीतरी वर्षांनी एका कार्यक्रमात सतार वाजवणाऱ्या बाईंशी बोलताना कळलं, की नखी छोट्या पकडीनं जराशी उकलून आपल्या बोटाच्या मापाची करून घ्यायची असते! दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांपायी माझी सतार गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी लेकीला रागावण्याआधी मी तिच्या हातातली ती चिमुकली वस्तू मागून घेतली. गिटारची नखी, म्हणजेच पिक. गिटारबरोबर पिशवीत फुकट आलेली. चांगली जाड, दगडासारखी ताठ. आणि ती वाजवत काय होती? गाण्याच्या साथीला सगळ्या तारांवरून हात वरखाली फिरवायचा, ते स्ट्रमिंग. मग मीच मोबाईल घेऊन बसले, धुळ्याच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन चार प्रश्न विचारले आणि जे कळलं ते इथं सांगते. कुणाच्या तरी घरी अशीच एखादी गिटार भिंतीला टेकून उभी असेल.

आपण खापरावरचे मांडे पोळीच्या तव्यावर करत नाही आणि भाताचा डाव भजी तळायला घेत नाही. पिकचंही तसंच आहे. आधी बघायचं ते काय वाजवायचंय ते.

नुसती गाण्याला साथ द्यायची असेल, तर पातळ पिक बरी. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. ती तारेवर वाकते, त्यामुळे आवाज मऊ, झुळझुळीत येतो आणि हात जड असला तरी तारेला हिसका बसत नाही. थोडी साथ, थोडी सुरावट असं दोन्ही करायचं असेल, तर पाऊण मिलिमीटरच्या आसपासची मध्यम पिक. शिकाऊ मुलांनी सुरुवात बहुधा हिच्यापासून करावी. आणि एकेक तार छेडून गाण्याची चाल वाजवायची असेल, वेगात वाजवायचं असेल, तर एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड. ती वाकत नाही, म्हणून स्वर ठसठशीत येतो. जाडीचा आकडा बहुतेक पिकवर छापलेलाच असतो. आमच्या घरच्या पिकवर १.१४ लिहिलं होतं, पण बघतंय कोण!

आता आकार. कोपरे गोलसर केलेल्या त्रिकोणासारखी नेहमीची पिक सगळ्यांना चालते. लहान मुलांच्या हातून ती घसरत असेल तर मोठा त्रिकोण द्यावा, धरायला सोपा. छोटी, टोकदार पिक ही हात बसलेल्यांसाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात तळहाताला घाम येतो, गुळगुळीत पिक हातात फिरते. तेव्हा खरखरीत पृष्ठभागाची किंवा अक्षरं उठावदार असलेली नायलॉनची पिक घ्यावी.

पूर्वी म्हणे हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाच्या पिक बनायच्या. त्यापायी किती कासवं मेली असतील! १९७० च्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आज प्लास्टिकच्या नाना प्रकारांतून तेच काम होतं. आणि आपल्याकडचं सरोद? त्याचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो. आपण ज्या करवंट्या बंबात घालतो, त्यातून सूर निघतो!

अजून एक महत्त्वाचं. गिटारच्या तारा नायलॉनच्या असतील, तर ती बोटांनी आणि नखांनी वाजवायची असते, तिला पिकची गरजच नाही. पिक ही मुख्यतः पोलादी तारांच्या गिटारसाठी. हल्ली लहान मुलांना उकुलेले घेऊन देतात, तेही बोटांनीच वाजवायचं.

दुकान दूर असेल तरी अडत नाही. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी असते ०.७६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर मध्यम पिकची! चुंबकीय पट्टी आणि चिप असलेला भाग कापून टाका. उरलेल्या प्लास्टिकवर पिकचा आकार पेनानं काढा, कात्रीनं कापा आणि कडा काचकागदावर घासून गुळगुळीत करा. आमच्या लेकीनं अशा तीन बनवल्या. विकतची साधी पिकही फार महाग नसते, वडापावच्या पैशात येते. म्हणून एकदम एकच न घेता तीन जाडीच्या तीन घ्या, तेच गाणं तिन्हींनी वाजवून बघा आणि डोळे मिटून ऐका. कान सांगतो.

पिक धरायची कशी, हे तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको. रांगोळीची चिमूट आठवा. अंगठा आणि तर्जनी, आणि पकड एवढीच की रांगोळी सुटायला नको आणि अडायलाही नको. पिकचं टोक थोडंसंच बाहेर ठेवायचं. जास्त बाहेर आलं की तारेत अडकतं. हात मनगटातून हलवायचा, कोपरातून धपाधप नाही. मी लेकीला गिटारचं काय शिकवणार? पण रांगोळीची चिमूट मात्र दाखवली.

दुकानदारानं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. तार तुटायला दरवेळी पिकच कारणीभूत नसते. जुनी, गंजलेली तार तशीही तुटते, आणि स्वर लावताना प्रमाणाबाहेर पिळली तरी तुटते. म्हणून तारा वेळच्या वेळी बदलाव्यात, वाजवून झालं की कोरड्या कापडानं पुसाव्यात.

आणि नियम म्हणाल, तर तेही माणसासाठीच. अमेरिकेतले नामांकित जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिक वापरतच नव्हते, नुसत्या अंगठ्यानं वाजवायचे. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री सराव. शेजारपाजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठ्यानं हळू वाजवायला लागले, असं सांगतात. त्यातून त्यांचा तो मखमली आवाज जन्माला आला. इंग्लंडच्या क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर पिकऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतात. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात, त्यांचा खरखरीतपणा त्यांना आवडतो. याच बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले, हे लेकीला सांगितलं तेव्हा तिचे डोळेच विस्फारले. कुठं लंडन आणि कुठं पाचगणी!

तर मैत्रिणींनो, आमच्याकडे नवी तार बसली, पातळ पिक आली. पहिले चार दिवस खुळखुळ वाजत होतं. पंधरा दिवसांनी एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ओसरीवरून गाण्याची साथ ऐकू येत होती आणि सासूबाई जाग्या असूनही काही बोलत नव्हत्या. मीच भीत भीत विचारलं, "झोपमोड होतेय का हो?"

"नही वं," त्या म्हणाल्या, "आते कशी गोड वाजी ऱ्हायनी!"

लेक मोठी वादक होईल की नाही, मला माहीत नाही. तशी माझी अपेक्षाही नाही. पण उद्या तिनं गिटार सोडलीच, तर ती मन रमलं नाही म्हणून सोडावी. चुकीच्या नखीपायी "माझ्यात काही नाही" असं समजून सोडू नये. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

बचत गटाच्या कामात हे मी वारंवार बघते. शिवणाच्या वर्गात एखादी म्हणते, "ताई, मला टीप सरळ येत नाही," आणि बघावं तर जाड कापडाला बारीक सुई लावलेली असते. सुई बदलली की तीच बाई सरळ टीप मारते. पण तोवर चारचौघींत तिला "हिला जमत नाही" असं म्हणून झालेलं असतं, आणि तिनं ते मानूनही घेतलेलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी घरातलं लेकरू "मला नाही जमत" म्हणालं, तर उपदेश नंतर करा. आधी त्याच्या हातात काय आहे, ते मागून घेऊन बघा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. परवा कपाट आवरताना हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत माझी ती नखी सापडली. लेकीनंच पकड आणून ती जराशी उकलून दिली. आता बोटात अगदी बरोबर बसते. सतार घरात नाही. पण धुळ्याच्या त्या दुकानात एक जुनी आहे, असं ती परवा जाता जाता सहज म्हणाली.