सात पांढरे दिवस

अश्दोदमध्ये लग्न ठरलेल्या मुलींना मी पाळीचे यहुदी नियम शिकवते. इस्रायलमध्ये रब्बीनेटकडे, म्हणजे यहुदी धर्मखात्याकडे, लग्नाची नोंद केली की हा वर्ग करावाच लागतो, म्हणून निम्म्या जणी कपाळावर आठ्या घेऊनच येतात. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या यहुद्यांच्या, मुलींच्या घरी अजून मराठी बोलतात. त्यांना आधी एकच गोष्ट सांगते, की निद्दा, म्हणजे पाळीतली स्त्री, असणं म्हणजे कोपऱ्यात बसणं नव्हे. ती स्वयंपाक करते, वाढते, चारचौघांत वावरते. बंधन नवरा-बायकोत असतं: मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, डुबकी घेईपर्यंत स्पर्श नाही, बिछाने वेगळे.

खरी कसोटी मोजणीची. पाळी सुरू झाल्यापासून अश्केनाझी घरांत किमान पाच दिवस थांबतात. शुल्हान आरूख हा धर्मकायद्याचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारोंच्या मते चार पुरेत. मग सूर्यास्ताच्या आत मऊ, पांढरं सुती फडकं आतून फिरवून रक्त थांबल्याची खात्री करायची. हा हेफसेक. यहुदी दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे मंगळवारी मावळतीआधी हेफसेक झाला तर बुधवार पहिला दिवस, आणि मिकवेत डुबकी पुढच्या मंगळवारी रात्री, तारे दिसल्यावर. वार तोच येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. पण फोनवर बोलता बोलता सूर्य बुडाला, तर अख्खा दिवस गेला. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास अंधारायला लागतं; नोकरी करणाऱ्या मुलींच्या पर्समध्ये म्हणून ते फडकं असतंच.

पुढे सात दिवस सकाळ-संध्याकाळ तपासणी, अंगात पांढरे आतले कपडे, पलंगावर पांढरी चादर. मधली एखादी तपासणी राहिली तर मोजणी मोडत नाही; पहिल्या आणि सातव्या दिवसाची मात्र चुकवायची नाही. सहाव्या दिवशी रक्त दिसलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ते आधीचे पाच दिवस परत थांबायचं नसतं. नवा हेफसेक आणि नवे सात. वल्हांडण सणापासूनचे ओमेरचे ४९ दिवस आम्ही रोज बराखा (आशीर्वचन) म्हणून मोजतो, इथे बराखा नाही. कारण तोसाफोतकारांनी, म्हणजे तालमूद या धर्मग्रंथाच्या मध्ययुगीन भाष्यकारांनी, दिलंय: ही मोजणी कधी मोडेल ते सांगता येत नाही.

"पण मावशी, तोरात तर पाळीला एकूण सातच दिवस दिलेत ना?" हुशार मुलगी हे विचारतेच. बरोबर आहे गं. तालमूद म्हणतो, ही वाढ बायकांनीच स्वतःवर घेतली: मोहरीएवढं रक्त दिसलं तरी सात स्वच्छ दिवस. या उत्तरावर कुणी खूश झालेलं मी पाहिलेलं नाही.

सगळ्यांत जास्त प्रश्न तपकिरी डागाचे. लाल चालत नाही, पांढरट किंवा फिकट पिवळं चालतं. मधल्या छटांसाठी फडकं पाकिटात घालून रब्बींकडे द्यायचं. पाकिटावर नाव नाही, फक्त कितवा दिवस आणि फोन नंबर. रब्बी ते दिवसाच्या उजेडात पाहतात. मोबाइलचा फोटो उपयोगाचा नाही, त्यात रंग बदलतो. पुरुषाला विचारायचा संकोच वाटला तर १९९९ पासून योआत्सोत हलाखा आहेत, जेरुसलेमच्या निश्मात संस्थेत तयार झालेल्या, या नियमांवर सल्ला देणाऱ्या बायका. कुणालाही विचारा, पण विचारा. संकोचापायी स्वतःच "अशुद्ध" म्हणून मोकळ्या होणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. पाकीट दिलं असतं तर बहुतेकींचा आठवडा वाचला असता.

मोजणारी मात्र तीच. तोरातली आज्ञाच तिने स्वतःसाठी मोजावं अशी आहे, आणि त्यावरून तालमूद ठरवतो की तिचा शब्द पुरेसा. नवऱ्याने पुरावा मागायचा नसतो. इतक्या जुन्या कायद्यात ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण जिचं स्त्रीबीज दहाव्याच दिवशी सुटतं, तिचं काय? पाच आणि सात मिळून बारा. मिकवेला जाईपर्यंत गर्भ राहायची वेळ टळलेली असते. तपासण्या सगळ्या उत्तम, मूल मात्र नाही. डॉक्टर बीज उशिरा सुटावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या देतात. अशी मुलगी आली की मी तिला आधी रब्बींकडे पाठवते. सातला कुणी हात लावत नाही, पण अशा वेळी पाचाचे चार करून देणारे रब्बी आहेत. धडधाकट मुलीला गोळी देण्याआधी तेवढं विचारून घ्यायला काय हरकत आहे?