जिनिव्हाचे नोंदकार

पी ६८८७१ हा मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा यूनिप्रॉट या डेटाबेसातला नोंदक्रमांक आहे. नोंद उघडली की १४७ अमिनो आम्लांचा क्रम दिसतो. सोबत हे प्रथिन काय करते, कशाला जोडले जाते आणि कुठल्या जागी बदल झाला तर काय बिघडते, याची लांबलचक जंत्री असते. सिकलसेलचा बदल तिथे सातव्या जागी आहे: ग्लुटामिक आम्ल गेले, व्हॅलिन आले. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत मात्र हीच जागा सहावी. दोघांचेही बरोबर आहे. साखळी तयार होताना सुरुवातीला मेथिओनिन असते आणि ते पुढे काढून टाकले जाते. पुस्तके ते धरत नाहीत, डेटाबेस धरतो. पहिले मेथिओनिन निघून जाते, हेही नोंदीत वेगळ्या ओळीत सांगितलेले आहे. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलवर काम करणाऱ्या कुणाला हा एकाचा फरक ठाऊक नसेल, तर ती एक ओळ त्याचा दिवस वाचवते.

अशा ओळी लिहिणारी माणसे जिनिव्हात बसतात. स्विस-प्रॉट हा त्यांचा गट. तो लोझानला मुख्यालय असलेल्या स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्सचा, म्हणजे एसआयबीचा भाग आहे. एलिक्सिर या युरोपीय संघटनेत स्वित्झर्लंडचे प्रतिनिधित्व हीच संस्था करते. एलिक्सिर ही सरकारांनी करार करून उभी केलेली व्यवस्था आहे. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनला तिचे छोटे मध्यवर्ती कार्यालय आहे, पण खरे काम देशोदेशींच्या गटांत चालते. दरवर्षी हे सगळे गट एकत्र जमतात; २०२४ मध्ये उप्सालाला, २०२५ मध्ये थेसालोनिकीला. तिथे नव्या शोधांचा गाजावाजा फारसा नसतो. कुणाच्या फाइली कुणाच्या यंत्राला वाचता येतील, प्रशिक्षण कोण देणार, कुठला डेटाबेस पुढच्या पाच वर्षांत कुणाच्या पैशावर चालणार, असल्या गोष्टी चालतात. बाहेरच्याला रुक्ष वाटेल. पण या शेवटच्या प्रश्नावर स्विस मंडळींकडे बाकीच्यांपेक्षा जास्त सांगण्यासारखे आहे, कारण त्यांचा डेटाबेस एकदा बंद पडता पडता वाचला आहे.

आमोस बैरोक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिनिव्हा विद्यापीठात शिकत होते आणि प्रथिनांच्या विश्लेषणासाठी प्रोग्रॅम लिहीत होते. त्यासाठी हजाराहून अधिक क्रम त्यांनी छापील पानांवरून हाताने टाइप केले. त्यात चुका सापडायच्या. काही स्वतःच्या, काही छापणाऱ्यांच्या. १९८२ मध्ये त्यांनी ‘बायोकेमिकल जर्नल’ला पत्र लिहून सुचवले की, प्रत्येक छापील क्रमासोबत एक पडताळणीचा आकडा द्यावा, म्हणजे टाइप करणाऱ्याला आपली चूक लगेच कळेल. पुढे मार्गारेट डेहॉफ यांच्या अमेरिकेतल्या संग्रहाचा डेटा त्यांना मिळाला. त्याची मांडणी पटली नाही, म्हणून त्यांनी ती आपल्या पद्धतीने लावून घेतली. १९८६ मध्ये त्यातूनच स्विस-प्रॉट निघाले. आरंभी त्यात सुमारे ४ हजार नोंदी होत्या.

आज हाताने तपासलेल्या नोंदी पावणेसहा लाखांच्या घरात आहेत. तपासणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या प्रथिनावरचे शोधनिबंध कुणीतरी जाणता जीवशास्त्रज्ञ बसून वाचतो. प्रत्येक विधानाला पुरावा जोडतो: हे प्रयोगात दिसले, हे नातेवाईक प्रथिनावरून अनुमानले, हे नुसत्या प्रोग्रॅमने सांगितले. दोन निबंधांचे पटत नसेल तर नोंदीत सावधगिरीची सूचना पडते. सातबाऱ्यावर फेरफार चढावा तसा प्रत्येक बदलाचा इतिहास मागे राहतो. दरम्यान क्रम वाचणारी यंत्रे इतकी वेगवान झाली की, १९९६ मध्येच हाताने न तपासलेल्या नोंदींसाठी ट्रेम्बल नावाचा वेगळा विभाग काढावा लागला. तो कित्येक कोटींवर गेला. तपासलेला भाग त्यापुढे नखाएवढा आहे, पण यंत्र अनोळखी प्रथिनाचा अंदाज बांधते ते बव्हंशी या नखाच्या आधारावर.

याच १९९६ मध्ये पैसे संपले. देशाचे काम म्हणावे तर वापरणारे जगभरचे. जगाचे म्हणावे तर जगाच्या नावाने धनादेश काढणारा कुणी नाही. त्यात नवे संशोधन नाही, जुन्याची निगा आहे, आणि निगेला संशोधनाचे अनुदान कसे द्यायचे, हा प्रश्न होताच. बैरोक आणि त्यांचे सहकारी रॉन अपेल यांनी जाहीर केले की, जूनअखेर स्विस-प्रॉट बंद होईल. १९९३ पासून चाललेला एक्सपसी हा सर्व्हरही जाणार होता. जीवशास्त्रातल्या अगदी पहिल्या वेब सर्व्हरांपैकी तो एक. जगभरच्या प्रयोगशाळांतून निषेधाची आणि पाठिंब्याची पत्रे हजारोंनी आली. स्विस अधिकाऱ्यांनी तात्पुरती सोय केली आणि कायमची सोय म्हणून १९९८ मध्ये एसआयबीची स्थापना झाली. तोवर एक कंपनीही काढून झाली होती. विद्यापीठांना डेटा फुकट, औषध कंपन्यांना शुल्क, अशी ती योजना. २००२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर स्विस-प्रॉट, हिंक्स्टनची ईबीआय ही संस्था आणि अमेरिकेतला पीआयआर हा प्रथिनसंग्रह यांनी मिळून यूनिप्रॉट उभे केले. त्यानंतर ते शुल्कही गेले.

माझ्या मते स्विस गटाने एलिक्सिरला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट या अनुभवातून आली आहे, आणि ती सॉफ्टवेअर नाही. कुठल्या डेटाबेसला ‘गाभ्याचा’ म्हणायचे, याचे निकष एलिक्सिरने ठरवले तेव्हा त्यावरच्या निबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या एसआयबीच्या क्रिस्टीन ड्युरिंक्स. किती लोक वापरतात, दर्जा कसा राखला जातो, परवाना खुला आहे का, मागे टिकाऊ संस्था आहे का, असे ते प्रश्न. २०१७ मध्ये पहिली यादी आली. तिच्यात यूनिप्रॉट होते, आणि झुरिकच्या गटाचा ज्यात मोठा वाटा आहे ते स्ट्रिंगही. कोणते प्रथिन कोणाशी संबंध ठेवून असते याचे जाळे स्ट्रिंग दाखवते.

दुसऱ्या कामांची नावे घेत पुढे जाऊ. बाझेलचे स्विस-मॉडेल प्रथिनाच्या आकाराचा अंदाज देते. लोझानचे बीजी कोणत्या प्राण्याच्या कुठल्या अवयवात कुठले जनुक चालू असते ते सांगते. ऱ्हिआत रासायनिक अभिक्रिया नोंदलेल्या आहेत. हे सगळे साठे एकाच प्रश्नभाषेत एकमेकांशी बोलू शकतात, यावर स्विस गटांनी अनेक वर्षे चिकाटीने काम केले आहे.

सेलोसॉरसवर मात्र थांबायलाच हवे. हाही बैरोक यांचाच उद्योग. प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या पेशीवंशांची ही वंशावळ आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की, दुसऱ्यांच्या बशीत शिरून तिथल्या पेशींना हुसकावून लावतात. केबी नावाचा पेशीवंश तोंडाच्या कर्करोगाचा म्हणून वर्षानुवर्षे वापरला गेला. तो निघाला हेला. चँग लिव्हरचे यकृतही असेच हेला निघाले. अशा पेशींवर लिहिलेले निबंध अजूनही ग्रंथालयांत आहेत. सेलोसॉरसमध्ये अशा नावांपुढे धोक्याचा इशारा असतो आणि प्रत्येक पेशीवंशाला न बदलणारा क्रमांक असतो, जो निबंधात लिहिता येतो. पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेच्या पेशीभांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. त्या हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने काम सुरू करण्याआधी नाव इथे शोधून पाहावे, एवढी ही साधी सोय आहे.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, याची झळ शास्त्रज्ञांना बसते. २०२१ ते २०२४ या काळात होरायझन युरोप या संशोधन कार्यक्रमात हा देश संलग्न नव्हता. एलिक्सिरचा करार स्वतंत्र असल्यामुळे तिथली खुर्ची शाबूत राहिली. सरकारांनी थेट सही केलेल्या व्यवस्थेचा हा फायदा मला महत्त्वाचा वाटतो. अनुदानाची फेरी चुकली तरी माणसे एका टेबलावर येत राहिली.

पण पैशांचा प्रश्न खुर्चीने सुटत नाही. अरेबिडॉप्सिस या वनस्पतीच्या टेअर डेटाबेसाचे अमेरिकी अनुदान आटले आणि त्याला वर्गणीवर जावे लागले. एसआयबीतल्या किआरा गाबेला, ड्युरिंक्स आणि अपेल यांनी यूनिप्रॉटचे उदाहरण घेऊन निधीचे बारा मार्ग तपासले: वर्गणी, देणगी, जाहिराती, कंपन्यांकडून शुल्क वगैरे. बहुतेक मार्गांनी खुलेपणा तरी जातो किंवा गरीब देशांवर अन्याय तरी होतो. काहींतून खर्चच भागत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय सरळ आहे. संशोधनाला अनुदान देणाऱ्या प्रत्येक संस्थेने एकूण रकमेचा ठरावीक टक्का बाजूला काढावा आणि तो निकषांवर उतरलेल्या गाभ्याच्या साठ्यांना वाटावा. वापरणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही.

हे त्यांनी म्हणावे याला वजन आहे, कारण कंपन्यांकडून शुल्क घेऊन त्यांच्याच गटाने पाहिले होते. आता मागणी आणखी वाढली आहे. ज्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमच्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, त्याने अंदाजलेले प्रथिनांचे २० कोटींहून अधिक आकार यूनिप्रॉटच्याच नोंदक्रमांकांवर लावलेले आहेत. प्रथिनांवर भाषाप्रारूपे घडवणाऱ्या कंपन्याही हाच साठा उपसतात, आणि यूनिप्रॉटचा परवाना त्यांना मुभा देतो: श्रेय द्या, मग व्यापार करा. या उपशाचा मोबदला कुणाकडे मागायचा, यावर गाबेला यांच्या निबंधाचे उत्तर तेच राहते. कंपनीकडे नाही, अनुदान निघते तिथे.