देशी मधमाशा आणि पाहुणी मधमाशी

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या शिवारात करडई पिवळ्या फुलांनी बहरली, की मधमाशांचा गुंजारव कानी पडू लागतो. दुरून साऱ्या मधमाशा सारख्याच वाटतात. परंतु त्या सर्व एका जातीच्या नसतात. उडती माशी नीट दिसत नाही. म्हणून प्रथम तिचे घर पाहावे.

उंच फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला लोंबणारे एकच मोठे, उघडे पोळे आग्या माशीचे असते. ही आकाराने सर्वांत मोठी व अतिशय तापट. तिच्या पोळ्यावर दगड मारणे जिवावर बेतू शकते. झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते ती फुलोरी. ती चिमुकली असून तिच्या पोटाचा पुढील भाग तांबूस असतो. सातेरीला मात्र अंधार प्रिय. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत ती शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. या तिघी देशी माशा होत.

चौथी मूळची युरोपातील. १९६० च्या दशकात ती उत्तर भारतात यशस्वीपणे रुजविण्यात आली आणि पुढे लाकडी पेट्यांतून अनेक राज्यांत पोहोचली. ती मध पुष्कळ देते. सातेरीही पेटीत पाळतात. मग दोघींतील भेद कसा ओळखावा? पाहुणी आकाराने मोठी असते. शिवाय उन्हाळ्यात पेटीच्या दाराशी पंखांनी वारा घालताना सातेरीचे डोके बाहेरच्या बाजूस असते, तर पाहुणीचे दाराकडे. हे निरीक्षण अर्थातच जाणत्या माणसासह आणि दुरूनच करावे.

ही ओळख केवळ कुतूहलापुरती नाही. माशीच्या अंगाला चिकटून तिला पोखरणारा गोचिडीसारखा एक सूक्ष्म जीव आहे. सातेरी त्याला अंगावरून काढून टाकते. पाहुणीला ती कला तितकीशी साधत नाही, म्हणून तिला पाळणाऱ्याची मदत लागते. रानातील सातेरीला पाळणारा नसतो. तिला हवी असते जुन्या वृक्षाची ढोली. तो वृक्ष तोडला, की तिचे घर जाते. पोळ्याखाली जाळ केला, तर माशा आणि त्यांची पिल्लेही होरपळतात.

तेव्हा गावात पेट्या वाढल्या, म्हणजे सर्व मधमाशा सुरक्षित झाल्या, असे समजू नये. पेटी दुसऱ्या गावाहून आणता येते. शंभर वर्षांच्या झाडाची ढोली आणता येत नाही.