पेशवे दफ्तराची शोधसाधने व ईएडी संकेतन

अभिलेखांचे वर्णन ग्रंथांप्रमाणे सुट्या नोंदींनी भागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले असून, कागदाचा संदर्भ बहुधा त्याचा रुमालच सांगतो. गो. स. सरदेसाई यांनी १९३३ मध्ये या दफ्तराची इंग्रजी मार्गदर्शिका सिद्ध केली. मात्र अशा छापील साधनाचे केवळ स्कॅन केल्याने संगणकाला त्यातील रचना कळत नाही.

ती रचना सांगण्यासाठी 'एन्कोडेड अर्काइव्हल डिस्क्रिप्शन' अर्थात ईएडी हे मानक आहे. बर्कले येथील विद्यापीठ ग्रंथालयात १९९३ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ते घडले. पहिली आवृत्ती १९९८ ची. त्यात दफ्तराचे वर्णन एकदाच करून रुमाल व कागद त्याच्या पोटात नोंदवितात. वरचे वर्णन खालच्या नोंदींना आपोआप लागू होते.

आपल्या दृष्टीने खरी सोय कालनिर्देशाची आहे. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे असते. म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगारंभी बदलत असल्याने त्यात इ. स. १७६० चा उत्तरार्ध व १७६१ चा पूर्वार्ध, पर्यायाने पानिपतचा संग्रामही येतो. ईएडीमध्ये मूळ शब्द तसेच ठेवून त्याच घटकाच्या 'नॉर्मल' या गुणधर्मात १७६०/१७६१ असे लिहिता येते. परिणामी शुहूर सन न जाणणाऱ्या अभ्यासकालाही कागद सापडतो. अर्थात हे रूपांतर मोडी वाचणाऱ्यानेच करावयाचे आहे. आणि रुमाल सोडून स्कॅनिंग करताना रुमालाचा क्रमांक नोंदविला नाही, तर पुढे कोणतेही संकेतन तो संदर्भ परत आणू शकत नाही.