तपासलेलं सत्य, न तपासलेलं सत्य

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयनानगरची जमीन हादरली आणि काही क्षणांत घरंच्या घरं खाली बसली. सुमारे दोनशे माणसं दगावली, हजारो उघड्यावर आली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या भेगा गेल्या, पण धरण तगलं. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपाने आणखी एका गोष्टीला तडा दिला. दख्खनचं पठार हा अतिप्राचीन, कणखर भूखंड आहे. भूकंप हिमालयाच्या पायथ्याशी व्हायचे, इथे नाही, ही तोवर सर्वमान्य असलेली समजूत होती.

ही कुणा अडाण्याची समजूत नव्हती. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांनी ती मांडली होती आणि अभियंत्यांनी तिच्या भरवशावर नकाशे काढले होते. भूकंपरोधक बांधकामासाठी १९६२ साली देशाचे भूकंपक्षेत्रांत भाग पाडण्यात आले, तेव्हा दक्षिण भारताचा मोठा भाग ‘शून्य’ क्षेत्रात गेला. शून्य म्हणजे भूकंपाचा धोकाच नाही. कोयनेनंतर १९७० मध्ये नवा नकाशा आला आणि त्यातून शून्य क्षेत्र काढून टाकलं गेलं. पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेला इतकी खात्री देता येत नाही, हे मान्य झालं होतं.

तरीही त्या नव्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या क्षेत्रात राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. सरकारी आकड्यांप्रमाणेच जवळपास आठ हजार माणसं मरण पावली.

एकाच पठारावर, पाव शतकाच्या अंतराने, एकच मान्य सत्य दोनदा खोटं ठरलं. मग आपण शास्त्रातल्या मान्य गोष्टींवर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या बळावर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. त्यासाठी ‘स्थिर दख्खन’ ही कल्पना नेमकी कुठे चुकली, ते बारकाईने पाहायला हवं.

पुरावा नव्हता, की पाहिलंच नव्हतं?

भारतात भूकंपमापक यंत्रं आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. कोलकात्याच्या अलीपूरला आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८९८ च्या सुमारास नोंदी सुरू झाल्या. त्याआधीच्या भूकंपांची यादी थॉमस ओल्डहॅम यांनी कागदपत्रं आणि वृत्तांत गोळा करून तयार केली. ती १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे किल्लारीच्या वेळी आपल्याकडे यंत्रांच्या नोंदी होत्या जेमतेम ९५ वर्षांच्या.

आता भूखंडाच्या आतल्या भूकंपांचा स्वभाव पाहा. भारतीय भूपट्ट गेली सुमारे पाच कोटी वर्षं आशियाला रेटा देतो आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापाशी सर्वाधिक असतो, पण तो सगळ्या भूपट्टातून पसरतो. दक्षिणेच्या खडकात जुन्या भेगा, म्हणजे भ्रंश, आहेत. त्यांच्यावर हा ताण फार सावकाश साठतो. एका भ्रंशावर मोठा भूकंप होऊन गेला, की पुढचा यायला हजारो वर्षं लागू शकतात. समजा, एखाद्या जागी पाच हजार वर्षांतून एकदा मोठा भूकंप होतो. तिथे शंभर वर्षं नजर ठेवली, तर तो दिसण्याची शक्यता पन्नासात एक. उरलेल्या एकोणपन्नास वेळा निरीक्षक प्रामाणिकपणे लिहील, ‘इथे भूकंप होत नाहीत.’ नोंद खरी आणि निष्कर्ष चुकीचा.

त्यात दख्खनच्या बेसॉल्टने भर घातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर ओतले गेले आणि त्याखालचा मूळ खडक झाकला गेला. किल्लारीला भूकंपानंतर विंधनविवर घेतलं, तेव्हा तिथे बेसॉल्टची जाडी सुमारे ३४० मीटर भरली. कोयनेजवळ गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं. तिथे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट भेदल्यावर ग्रॅनाइट लागला. भ्रंश आहेत ते या झाकलेल्या खडकात. वरून पाहणाऱ्याला पठार अखंड दिसलं, यात नवल नाही.

दख्खन स्थिर आहे, हे विधान पूर्ण खोटंही नव्हतं. हिमालयाच्या तुलनेत दक्षिणेचा भूखंड आजही फारच कमी ताणला-दाबला जातो. ‘भूकंप क्वचित होतात’ इतकंच म्हणायला आधार होता. आपण म्हणत राहिलो, ‘होत नाहीत’. पुराव्याच्या पुढे टाकलेलं हे एक पाऊल महागात पडलं.

जाड भिंतीचं सत्य

किल्लारीत आणखी एक मान्य सत्य कोसळलं, आणि ते कुठल्याही नकाशात नव्हतं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडी आढ्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राही. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान होतं. ऊन, पाऊस, चोर या सगळ्यांपुढे ते खरं ठरलं होतं.

भूकंपापुढे त्याची कसोटी कधी लागलीच नव्हती. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड त्यात नसत. जोड फक्त मातीचा. जमीन आडवी हलली तेव्हा दोन्ही थर फुगून सुटले आणि माळवद खाली आलं. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्यांत त्या मानाने कमी माणसं दगावली. ज्या घराला आपण गरिबाचं, कच्चं म्हणत होतो, त्यानेच अनेकांना वाचवलं.

ज्या परिस्थितीत एखादं ज्ञान पारखलं गेलं, तिथे ते विश्वासार्ह असतं. त्या परिस्थितीबाहेर त्याची हमी आपोआप लागू होत नाही. हे परंपरेला लागू आहे, तसं प्रयोगशाळेलाही.

विश्वास कमावलेलं सत्य

आता याच मातीतलं दुसरं उदाहरण. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचा शिवाजीसागर भरू लागला आणि परिसरात लहान हादरे जाणवू लागले. १९६७ नंतर काही शास्त्रज्ञांनी म्हटलं, की जलाशयाच्या पाण्याने हा भूकंप घडवायला हातभार लावला. ही कल्पना अनेकांना पटली नाही. पाच-दहा किलोमीटर खोलवरच्या घटनेवर वरच्या तळ्याचा काय परिणाम होणार, असा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांची गरज होतीच, कारण त्यांच्यामुळे ही कल्पना पुन्हा पुन्हा पारखावी लागली.

जगात इतरत्र पाहिलं गेलं. चीनमधलं शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतलं करिबा (१९६३), ग्रीसमधलं क्रेमास्ता (१९६६) या मोठ्या जलाशयांजवळही सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले होते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडलं जात होतं आणि तिथेही हादरे सुरू झाले होते. मग कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी थेट प्रयोगच केला: जमिनीखालच्या पाण्याचा दाब वाढवला, हादरे वाढले, दाब कमी केला, हादरे ओसरले. खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने तिथलं घर्षण कमी होतं आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

कोयनेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं पाण्याची पातळी आणि हादऱ्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहत राहिले. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर हादरे वाढतात, हे वारंवार दिसलं. दक्षिणेला वारणेचा जलाशय भरला, तसे १९९३ च्या सुमारास हादरेही दक्षिणेकडे वाढले. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा छोट्या पट्ट्यात आजवर पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत.

आज कोयना हे जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपाचं जगातलं सर्वात मोठं ज्ञात उदाहरण मानलं जातं. या सत्याला स्वतःच्या मर्यादाही ठाऊक आहेत. पाणी ताण निर्माण करत नाही. तो ताण भूपट्टाच्या रेट्याचा. पाणी फक्त वेळ अलीकडे आणतं. म्हणूनच जगातल्या हजारो धरणांपैकी मोजक्याच ठिकाणी असं घडलं. धरण म्हणजे भूकंप, असं ते कुठेही म्हणत नाही.

‘दख्खन स्थिर आहे’ आणि ‘जलाशयाने भूकंप चाळवला’, ही दोन्ही विधानं मान्यच. पण एक न पाहता मानलं गेलं, दुसऱ्याने आक्षेप झेलत, ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वाटांनी परीक्षा दिली. आपला विश्वास या दुसऱ्या जातीच्या सत्यासाठी आहे.

अफवेला नकाशा नसतो

शास्त्र चुकलं म्हणून त्याकडे पाठ फिरवणारे लगेच दुसऱ्या कशावर तरी विश्वास टाकतात, ही मला सर्वात काळजीची गोष्ट वाटते. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता मोठा भूकंप’ असे संदेश आजही मोबाइलवर फिरतात आणि माणसं रात्र रस्त्यावर काढतात. भूकंपाची तारीख आणि वेळ सांगण्याची पद्धत आज कुणाकडेही नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला साधारण बावीस वर्षांच्या अंतराने भूकंप होत आले, म्हणून पुढचा १९९३ पूर्वी येईल असा अंदाज अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात उघडपणे दिला होता. तो आला २००४ मध्ये. अंदाज चुकला हे त्यांनी जगापुढे मान्य केलं, आणि भूकंप घड्याळ पाहून येत नाहीत हे आपण शिकलो. अफवा पसरवणारा चुकल्यावर काही मान्य करत नाही. तो नवी तारीख देतो.

‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मी या तक्रारीकडे उलट बाजूने पाहतो. भूकंपक्षेत्रांचा नकाशा १९७० मध्ये बदलला. २००२ मध्ये पुन्हा बदलला, पहिलं क्षेत्र रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. हे बदल उशिरा झाले, त्यांची किंमत माणसांनी जिवाने मोजली, ही वेदना विसरता येणार नाही. पण जो नकाशा नव्या पुराव्यापुढे स्वतःला दुरुस्त करतो, त्याच्यावरच घर बांधण्याइतका भरवसा ठेवावा.

त्यामुळे कुठलंही मान्य सत्य समोर आलं, की त्याला थोडे प्रश्न विचारावेत. हे कुणी, किती काळ, किती ठिकाणी पाहिलं? ते खोटं असतं, तर आपल्याला कळण्याची सोय होती का? आणि पाहिलं त्यापेक्षा जास्त तर सांगितलं जात नाही ना? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. शाळेत भूगोल शिकवताना ‘दख्खन स्थिर आहे’ या वाक्यापाशी मुलांनी हे विचारावेत, आणि शिक्षकांनी कोयना व किल्लारीची गोष्ट सांगावी. नवं घर बांधताना आपलं गाव कोणत्या भूकंपक्षेत्रात येतं हे अभियंत्याला विचारावं, आणि ते क्षेत्र कमी धोक्याचं असलं तरी भिंतींना एकत्र बांधणारे काँक्रीटचे पट्टे घालून घ्यावेत. ‘धोका कमी’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, हे महाराष्ट्राने दोन पहाटांत शिकलेलं सत्य आहे. ते पुरेपूर पारखलेलं आहे. त्यावर निश्चिंत विश्वास ठेवावा आणि त्याप्रमाणे वागावं.